श्वासाचं माप कोणाचं?



छातीविकारतज्ज्ञांचं हे अधिवेशन मुंबईत परळमध्ये भरलं आहे, म्हणून विषयही इथलाच घेतो. स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे श्वासाची क्षमता मोजण्याच्या खोलीत तंत्रज्ञ रुग्णाचं वय, लिंग, उंची भरतो आणि पडद्यावर वंशाचा रकाना येतो. लालबागच्या चाळीतला माणूस तिथे कधी ‘कॉकेशियन’ असतो, कधी ‘एशियन’, कधी ‘इतर’. पुष्कळदा मागच्या रुग्णाची निवड तशीच राहते. मग ‘जोरात फुंका, फुंका, अजून, अजून’ सुरू होतं.

हिशेबच मांडतो. 45 वर्षांचा, 165 सेंटिमीटर उंचीचा पुरुष, एफव्हीसी, म्हणजे जोराने बाहेर टाकलेला पूर्ण श्वास, भरली 2.9 लिटर. युरोपच्या कोळसा-पोलाद समुदायाच्या जुन्या समीकरणाने त्याची अपेक्षित क्षमता सुमारे 4 लिटर येते, म्हणजे तो 73 टक्क्यांवर. ‘आशियाई’ म्हणून दहा टक्के वजा केले की तोच 81 वर. ऐंशीची रेघ आपण अजून सोडलेली नाही, त्यामुळे एका कागदावर तो रोगी आणि दुसऱ्यावर धडधाकट. एफईव्ही-1 (पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेला श्वास) आणि एफव्हीसी यांचं गुणोत्तर वंशानुसार फारसं बदलत नाही, म्हणून अडथळ्याचं निदान त्यातल्या त्यात सुरक्षित. घोळ होतो तो ‘रिस्ट्रिक्टिव्ह’च्या, म्हणजे फुप्फुसाची क्षमताच कमी असल्याच्या शिक्क्यात आणि आजाराची तीव्रता ठरवताना.

या शहराने आपली मापं स्वतः घेतली होती, हे तरुण सहकाऱ्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामतांनी सहकाऱ्यांसह 1977 मध्ये भारतीय प्रमाणमूल्यं प्रसिद्ध केली. 1987 मध्ये डॉ. फारोख उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी निरोगी भारतीयांची मापं मांडली. याच कामतांनी गिरणी कामगारांचा बिसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसविकार, अभ्यासला आणि लालबाग, चेंबूर, खार इथल्या रहिवाशांची ग्रामीण भागाशी तुलना केली. एकाच माणसाने दोन्ही प्रश्न हाती घेतले, कारण ते मुळात एकच आहेत. ब्लोरूम आणि कार्डिंगच्या खात्यात कापसाची धूळ खाल्लेल्या, सोमवारी कामावर परतताच छाती आवळणाऱ्या कामगाराची कमी क्षमता ‘भारतीयांची फुप्फुसं लहानच असतात’ म्हणून वजा केली, तर धूळ हिशेबातून निघून जाते. बिसिनोसिस कायद्याने भरपाईस पात्र आहे. भरपाई मात्र आकड्यावर अडते.

हे अन्यत्र घडलेलं आहे. 1999 मध्ये बाल्टिमोरच्या न्यायालयात एका इन्सुलेशन कंपनीने मागणी केली की ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांत कृष्णवर्णीय कामगारांना भरपाईसाठी आणखी कमी आकडे दाखवावे लागावेत. आधार वंशदुरुस्तीचा होता.

जागतिक प्रयत्नांनीही आपली अडचण सुटलेली नाही. ‘ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्ह’च्या (जीएलआय) 2012 च्या समीकरणांमागे 74 हजारांहून अधिक निरोगी माणसांची मापं होती, पण भारतीय उपखंडासाठी स्वतंत्र गट नव्हता. 2022 मध्ये वंशाचा रकानाच काढलेली जागतिक समीकरणं आली आणि अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने 2023 मध्ये ती स्वीकारली. माणसाला वंशाच्या खणात टाकायचं नाही, ही भूमिका मला मनापासून पटते. पण त्यांची अपेक्षित मूल्यं आपल्याकडच्या मापांहून वर असल्याने आपल्यातले कितीतरी निरोगी लोक एका रात्रीत रोगी ठरतात. त्यांची नोकरीची वैद्यकीय तपासणी अडकते, शस्त्रक्रिया लांबते. दहा टक्क्यांची सरसकट वजावट मात्र मला मुळीच मान्य नाही. पोटातल्या बाळाचं कुपोषण, चुलीचा धूर, गिरणीची धूळ आणि आनुवंशिकता यांची ती एकच मोट बांधते आणि तिला वंश म्हणते.

म्हणून अध्यक्ष या नात्याने माझं मागणं आहे. प्रत्येक अहवालावर कोणतं समीकरण वापरलं ते छापा. टक्क्यांसोबत झेड-स्कोअर द्या आणि उणे 1.64 या सामान्यतेच्या खालच्या सीमेच्या आसपासच्या माणसावर एका फुंकरीवरून शिक्का मारू नका. कामगाराची मापं दरवर्षी घ्या आणि त्याची तुलना त्याच्याच जुन्या आकड्याशी करा. तिथे वंश लागत नाही. आणि गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या छातीविकार विभागांनी मिळून धूम्रपान न करणाऱ्या निरोगी मुंबईकरांची मापं पुन्हा घ्यावीत, त्यांचं बालपण कुठे गेलं आणि काम कसलं केलं याच्या नोंदीसह. कामतांच्या मापांना जवळपास पन्नास वर्षं झाली. हे काम याच वर्षी सुरू करा.