कानाची निगा आणि श्रवणयंत्राची साथ
(वार्षिक सभेतील भाषणाचा मजकूर)



दृष्टी गेलेला माणूस चाचपडतो, म्हणून घरच्यांच्या ते लगेच ध्यानात येते. ऐकू न येणारा माणूस मात्र नुसती मान हलवतो, हसतो आणि हळूहळू गप्प होतो. म्हणूनच बहिरेपणावरील उपचाराला बहुधा उशीर होतो.

केळापूर तालुक्यातील घरोघरी कान ठणकला की लसूण घालून कढवलेले तेल सोडतात. हेतू मायेचा असतो. परंतु पडद्याला छिद्र असेल तर ते तेल थेट मध्यकर्णात उतरते, आणि पावसाळ्यात ओलसर कानात बुरशी धरते. कानातील मळ ही घाण नव्हे. तो त्वचेचे रक्षण करतो आणि सहसा आपोआप बाहेर येतो. काडी, पिन किंवा कापसाची बड घातल्याने तो आत ढकलला जातो. कान वाहत असल्यास तो कोरडा ठेवावा व डॉक्टरांना दाखवावा. साचलेला मळ डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. पडद्याचे छिद्र बहुधा शस्त्रक्रियेने बुजवता येते. अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे दिवस दवडणे म्हणजे कान दवडणे होय. जिनिंगच्या यंत्रांजवळ काम करणाऱ्यांनी कानाला संरक्षक साधन लावावे, कारण सततच्या आवाजाने झालेली हानी भरून येत नाही.

सर्वांत मोठी हानी बालकांची होते. “याचा मामाही उशिराच बोलला,” असे म्हणत वर्षे जातात. नवजात बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असा संकेत आहे. जे मूल ऐकत नाही, ते बोलायला शिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बालकांतील बहिरेपणाची सुमारे ६० टक्के कारणे टाळता येण्याजोगी आहेत. केंद्र शासनाने २००६-०७ मध्ये बधिरता प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आरंभला. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बहिरेपणाची तपासणी अंतर्भूत आहे.

देणगीदारांपाशी एक गोष्ट मोकळेपणाने सांगावीशी वाटते. श्रवणयंत्र दिले की काम संपले, अशी आमचीही समजूत होती. पुढे ध्यानात आले की काही यंत्रे डबीतच पडून आहेत. कोणाचा सेल संपला होता, कोणाच्या कानाला साचा बोचत होता, तर कोणाला भांड्यांचाच आवाज मोठा वाटत होता. यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात. मधल्या काळात घरच्यांनी समोर बसून, सावकाश, एकेकाने बोलावे लागते. तपासणीला पुन्हा यायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते.

म्हणून आमची नम्र विनंती आहे, की आपले दान केवळ यंत्रापुरते नसावे. सेल, साचे, फेरतपासणी आणि रुग्णाचे प्रवासभाडे यांसाठीही ते असावे. यंत्र कानाला लागते एका दिवसात. माणूस पुन्हा घरच्या बोलण्यात यायला मात्र आपणा सर्वांची साथ लागते.