कलेतील जहाज : दोष समुद्राचा की व्यवस्थेचा?

(अभ्यासवर्गातील भाषण)

देशोधडीला लागलेल्या माणसांची कहाणी सांगताना कलावंतांनी जहाज आणि त्याचा विनाश ही प्रतीके वारंवार वापरली आहेत. अशा कलाकृतीपुढे आपण एक प्रश्न विचारला पाहिजे : या माणसांना समुद्राने बुडवले, की समाजव्यवस्थेने?

इंग्रज चित्रकार टर्नर याने १८४० साली लंडनच्या रॉयल अकादमीत मांडलेले गुलामांच्या जहाजाचे चित्र या प्रश्नाला थेट भिडते. आकाश रक्तवर्णी आहे, समुद्र खवळला आहे. परंतु जहाज अद्याप फुटलेले नाही. बुडत आहेत ती बेड्या घातलेली माणसे. गुलामांचे व्यापारी मृत आणि मरणासन्न माणसांना पाण्यात फेकीत आहेत, हे टर्नरने शीर्षकातच सांगून टाकले आहे. या चित्रामागे ‘झोंग’ जहाजाची हकिगत असल्याचे मानले जाते. १७८१ साली त्या जहाजावरील १३० हून अधिक आफ्रिकी गुलाम समुद्रात फेकण्यात आले आणि मालकांनी त्यांच्यापोटी विम्याची भरपाई मागितली! १७८३ साली न्यायालयात वाद झाला तो मालाच्या नुकसानीचा. खुनाचा खटला कोणावरही झाला नाही.

आता आपल्या काळाकडे वळू. १८ एप्रिल २०१५ च्या रात्री लिबियाहून निघालेली एक मासेमारी नौका भूमध्य समुद्रात बुडाली. तिच्या पोटात शेकडो स्थलांतरित कोंबलेले होते. वाचले अवघे २८. मृतांचे अंदाज ७०० ते ११०० असे आहेत. त्यापूर्वीच, ऑक्टोबर २०१४ मध्ये, इटलीच्या नौदलाची ‘मारे नोस्त्रुम’, म्हणजे ‘आपला समुद्र’, ही बचावमोहीम गुंडाळण्यात आली होती. तिच्या जागी आलेल्या युरोपीय संघाच्या मोहिमेचा भर सीमारक्षणावर होता.

२०१९ साली स्विस कलावंत क्रिस्टोफ ब्युखेल याने तीच नौका ‘बार्का नोस्त्रा’, म्हणजे ‘आपली नौका’, या नावाने व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात ठेवली. नावातील उपरोध तीक्ष्ण आहे. परंतु शेजारी माहितीफलक नव्हता आणि जवळच उपाहारगृह होते. यावर टीका झाली, ती योग्यच होय. कारणे न सांगणारा सांगाडा फार तर हळहळ निर्माण करतो. हळहळीने कोणतेही सरकार हादरत नाही.

गरज असेल तेव्हा भांडवल श्रमिकाला माल म्हणून समुद्रापार नेते. गरज सरली की त्याच समुद्राची भिंत करते. कॉम्रेड्स, म्हणून अशा चित्रातील लाटा पाहून थांबू नका. जहाज कोणाच्या मालकीचे होते आणि किनारा कोणी बंद केला, ते विचारा.