शेळीची लस चुकवू नका

तायांनो, बुळकांडीचं नाव काढलं की आपल्या आज्या घाबरायच्या. गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. शास्त्रज्ञांनी तो विषाणू ओळखला, लस केली आणि २०११ साली हा रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं.

त्याचाच भाऊबंद पीपीआर आज शेळ्या मारतो. ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, तोंडात फोड, मग हगवण. माणसाला तो होत नाही. पण गटाच्या कर्जाची शेळी मेली तरी हप्ता थांबत नाही.

विषाणूवर औषध नाही, लस आहे. एकदा टोचली की साधारण ३ वर्षं पुरते. बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे वेगळी बांधा. आजारी शेळी विकू नका, रोग दुसरीच्या दारात जाईल. आणि गटाच्या वहीत हप्त्याशेजारी लसीची तारीखही लिहा.