पाढ्यांच्या आधी गुणाकार
(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा संक्षेप)

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बालकांच्या गणितशिक्षणावर विचार मांडण्याची संधी दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

गणित हा विषय आपल्याला परका नाही. इ.स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, जैन गणितज्ञ महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. १३९ ला १०९ ने गुणले असता येणारी १५१५१ ही संख्या त्यांनी त्यात दिली आहे. गळ्यातील हाराप्रमाणे ती दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. आपल्या खानदेशाचाही या परंपरेत मोठा वाटा आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला. तेथील इ.स. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो.

अशा या भूमीत आज काय दिसते? दुसरी-तिसरीतील बालक सहाचा पाढा अस्खलित म्हणते. परंतु ‘एका रांगेत केळीची ६ खोडे, तर ४ रांगांत किती?’ असे विचारले की ते विचारते, ‘बेरीज करू की गुणाकार?’ पाढा मुखोद्गत आहे, अर्थ मात्र हाती लागलेला नाही. पुढे अपूर्णांक, क्षेत्रफळ, शेकडेवारी हे सारे याच पायावर उभे राहते. पाया कच्चा राहिला, तर ‘गणित माझ्यासाठी नाही’ असा समज मुलाच्या मनात कायमचा घर करतो. खरी हानी ती आहे.

यावर उपाय खर्चिक नाही. मुलाच्या हाती २४ चिंचोके द्यावेत आणि सारख्या रांगा मांडावयास सांगावे. २ रांगांत १२, ३ रांगांत ८, ४ रांगांत ६. सर्व मांडण्या त्याने स्वतः शोधाव्यात. मग ४ रांगांची मांडणी त्याला बाजूने पाहू द्यावी. त्याच २४ चिंचोक्यांच्या आता ६ रांगा दिसतात! चार सक आणि सहा चोक एकच का, हे सांगावे लागत नाही.

त्यानंतर रांगा तोडावयास शिकवावे. ‘लीलावती’मध्ये (इ.स. ११५०) १३५ ला १२ ने गुणताना १२ चे ८ आणि ४ असे खंड करण्याची रीत आहे: १०८० आणि ५४०, मिळून १६२०. सातचा पाढा अडला, तर पाच आणि दोनचे पाढे मदतीला येतात, हे बालकाला याच रीतीने उमगते.

आलेखही याच वयात शिकवावेत. वर्गात ४० मुले आहेत. २० पायी, १५ रिक्षाने आणि ५ सायकलने येतात. प्रथम प्रत्येक मुलासाठी एक चित्र काढावे. फळा भरून जातो! मग मुलांनाच विचारावे, ‘एका चित्राला ५ मुले मानली तर?’ आता ४, ३ आणि १ अशी आठच चित्रे पुरतात. ‘रिक्षापेक्षा पायी येणारे किती अधिक?’ एक चित्र अधिक, म्हणजे ५ मुले. येथे आलेख वाचणे हाच गुणाकार झाला. म्हणूनच हे दोन धडे वेगळे ठेवू नयेत.

याचा अर्थ पाढे सोडावेत असा नव्हे. जळगाव-धुळ्याच्या पेढ्यांवर आपल्या वडीलधाऱ्यांनी पावकी, निमकी, दिडकी यांच्या बळावर तोंडी हिशेब केले. कारण त्या पाढ्यांमागे रोजचे माप आणि मोल होते. मुलांना तो अर्थ आधी द्यावा, पाठांतर मागून यावे. इयत्ता तिसरीअखेर प्रत्येक बालकाला पायाभूत संख्याज्ञान मिळावे, हेच २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचेही उद्दिष्ट आहे.

माझी नम्र विनंती एवढीच की, पाठशाळेत आठवड्यातून अर्धा तास या मांडणीसाठी राखावा आणि घरोघरीच्या आजी-आजोबांनी त्यात सहभागी व्हावे. बालकाचे उत्तर चुकले तर रागावू नये. ‘मांडून दाखव’ एवढेच म्हणावे. मांडता मांडता चूक त्याची त्यालाच सापडते.