आज काय शिजवलंस?

मावश्यांनो, ताईंनो, बिझनेस शिकायला जर्मनीला गेले. शिकवणं इंग्रजीत, पण दुकानात आणि घरमालकाच्या चिठ्ठीत सगळं जर्मन! रविवारी दुकानं बंद. पहिल्या रविवारी डब्यात फक्त आईची शेंगदाण्याची चटणी. फोनवर मात्र "जेवले" म्हणाले.

व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात भरावे लागतात. त्यातले महिन्याला ९९२ हाती येतात. माझे तर कर्जाचेच. शेवटी आईच्या गटासारखी वही घातली. प्लास्टिकची रिकामी बाटली दुकानात परत केली की २५ सेंट मिळतात, तेही जमेला.

लेक "सगळं बरंय" म्हणाली, तरी "आज काय शिजवलंस?" विचाराच. आईनं विचारलं, त्या दिवशी मी खरं बोलले.