पावसाचा हिशेब ग्रामसभेत

(परभणी जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीच्या पत्रकावर 'हवामान बदल आणि आपली ग्रामपंचायत' असा विषय वाचून एका जुन्या कार्यकर्त्याने आम्हाला बाहेरच अडवले. म्हणाले, "कापसाच्या भावाचं सोडून हे कुठलं आभाळातलं काढलंत?" प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच, की भाव मागायला आधी कापूस घरात यावा लागतो. गेल्या काही वर्षांत तो किती वेळा झाडावरच भिजला, हे या मंडपात कोणाला सांगायला नको.

आठवून पाहा. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे ओळीने दुष्काळ पडला आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१ पासून पावसाच्या नोंदी आहेत, त्यांत एवढा कोरडा ऑगस्ट नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत आपल्या जिल्ह्यात असा पाऊस झाला की सोयाबीन आणि कापूस पाण्यात उभे राहिले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर सगळा मराठवाडा पाण्याखाली गेला आणि गोदाकाठच्या गावांनी जमिनीची माती वाहून जाताना पाहिली. शेत तेच, धुरा तोच, कुणबी तोच. एका साली पिकाला पाणी नाही, दुसऱ्या साली पिकातून पाणी काढायला वाट नाही.

वर्षाचा पाऊस मोजला तर आकडा फारसा बदललेला दिसत नाही, म्हणून साहेब लोक म्हणतात, पाऊस झाला की! पाऊस झाला, पण कसा झाला? पूर्वी मृगाने सुरुवात केली की आर्द्रा-पुनर्वसूत कोळपणी व्हायची, हस्ताच्या ओलीवर ज्वारी पेरायची. आता महिनाभराचा पाऊस एका रात्रीत पडतो आणि नंतर वीस-पंचवीस दिवस उघाड. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. आपले म्हातारे नक्षत्रे चुकतात म्हणत होते, तेच हे.

ज्या धुराने हवा तापली तो काही आपल्या चुलीचा नाही. कारखाने, वीजकेंद्रे, शहरातल्या गाड्या, परदेशातली दीडशे-दोनशे वर्षांची चैन, हे सगळे त्यात आले. त्याची वसुली मात्र कोरडवाहू शिवारातून चालू आहे. हे भांडण मोठे आहे आणि ते मुंबई-दिल्लीत भांडले पाहिजे. पण गावात ओघळ कोणत्या बाजूने वाहतो, विहीर किती खाली गेली, गायरानावर काय होणार, हे मुंबईत ठरत नाही. ते ग्रामसभेत ठरते, किंवा ग्रामसभा झोपलेली असली तर सरपंचाच्या ओसरीवर ठरते.

सरकारने आपल्या बाजूने योजना आणल्या आहेत. २०१८ साली जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला, त्यालाच आपण 'पोकरा' म्हणतो. पंधरा जिल्हे, सुमारे पाच हजार गावे, सुमारे चार हजार कोटी रुपये. आपला जिल्हा त्यात होता. २०२४ साली तो टप्पा संपला आणि दुसऱ्या टप्प्यात एकवीस जिल्ह्यांतील सात हजारांवर गावे घेतली, त्यातही परभणी आहे. या योजनेत एक गोष्ट चांगली होती. गावाची समिती ग्रामसभेने निवडायची, तिने गावचा आराखडा करायचा, आणि आराखड्याआधी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा. मुंबईच्या आयआयटीने त्याचे गणित बसवून दिले होते.

मग आपल्या किती गावांत तो ताळेबंद ग्रामसभेत वाचून दाखवला गेला? आम्ही जिथे जिथे विचारले तिथे बहुतेकांना ठिबक आठवले, तुषार आठवले, शेततळे आठवले, अनुदान कधी जमा झाले ते आठवले. ताळेबंद कोणाला आठवला नाही. आधी स्वतःचे पैसे घाला, मग अनुदान खात्यात येईल, अशी रीत असल्यामुळे ज्याच्याकडे पैसे होते त्याने आधी गाठले. दोन एकरवाला कागद गोळा करीत राहिला.

२ ऑक्टोबर २०२० पासून 'माझी वसुंधरा' अभियान चालू झाले. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी पंचतत्त्वे आणि त्यावर गावाला गुण. रोपे लावा, दिवे बदला, सौर पंप बसवा, शपथ घ्या. शपथेलाही गुण! या अभियानाला आम्ही नावे ठेवीत नाही, काही गावांनी यातून खरेच काम केले आहे. साताऱ्यातील मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातले पहिले सौरग्राम झाले. २४ एप्रिल २०२५ ला पंचायत राज दिनी हवामानविषयक कामासाठी देशात पहिला पुरस्कार मिळाला तो महाराष्ट्रातल्याच, गोंदिया जिल्ह्यातल्या डव्वा ग्रामपंचायतीला. त्यांचे अभिनंदन. पण गोंदिया हा तळ्यांचा आणि धानाचा मुलूख, तिथला पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यांनी काय केले ते जरूर पाहू, पण आपल्या काळ्या जमिनीचे दुखणे आपल्यालाच काढावे लागेल.

आता हिशेब करू. पोरांना वहीत लिहायला सांगा. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला म्हणजे दहा हजार लीटर पाणी. हजार हेक्टरचे शिवार धरा आणि वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरा. झाले सातशे कोटी लीटर. गावात दोन हजार माणसे, माणशी दिवसाला पंचावन्न लीटर, तर वर्षभराला लागतात चार कोटी लीटर. सातशेतले चार! म्हणजे माणसांच्या पिण्यापुरते पाणी नाही असे गाव आपल्या जिल्ह्यात असूच नये. तरी एप्रिल-मेमध्ये टँकर का येतो?

एक कारण, पाणी थांबत नाही. एका रात्रीत पासष्ट मिलिमीटर पडला तर एका एकरावर दोन लाख साठ हजार लीटर पाणी येते. भारी काळी जमीन आधीच पिऊन फुगलेली, ती त्यातले थोडेच घेते. बाकीचे धुरा फोडून, माती घेऊन ओघळीला, ओघळीतून दुधनेला किंवा पूर्णेला. आणि दुसरे कारण बोलायला अवघड आहे, पण बोलतो. तीस बाय तीस मीटर आणि तीन मीटर खोल शेततळ्यात सुमारे बावीस लाख लीटर पाणी मावते. शेततळे ओघळीच्या पाण्याने भरले तर उत्तम. पण खाली प्लास्टिक अंथरून ते विहिरीच्या, बोअरच्या पाण्याने भरायचे आणि उन्हाला उघडे ठेवायचे, असे चालले आहे. गावात अशी वीस तळी झाली तर चार कोटी चाळीस लाख लीटर झाले. गावाच्या वर्षभराच्या पिण्याच्या पाण्यापेक्षा जास्त! पाणी अडवल्याचे अनुदान घेऊन आपण पाणी उपसले. हे करणारे आपलेच भाऊ आहेत, काही या मंडपातही असतील. आम्ही त्यांना चोर म्हणत नाही, त्यांनाही बाग जगवायची होती. पण ज्या ग्रामपंचायतीने हिशेब न मांडता वीस तळ्यांना मान्यता दिली, तिला जाब विचारला पाहिजे.

शेजारच्या जालना जिल्ह्यात कडवंचीला क्रम उलटा होता. १९९६ ते २००१ या काळात आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचे काम झाले, मग द्राक्षे आणि शेततळी आली. नगरकडच्या हिवरे बाजारचा पाऊस तर आपल्या निम्म्याच्या आसपास. तिथे ग्रामसभेने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही असे ठरवले आणि पाऊस मोजून त्या साली कोणते पीक घ्यायचे ते ठरवतात. उलट 'जलयुक्त शिवार'चे काय झाले? नऊ हजार सहाशे कोटींवर खर्च होऊन भूजल वाढण्यात फारसा फरक पडला नाही, असे 'कॅग'ने २०२० साली लिहिले. खड्डे यंत्राने होतात, नियम यंत्राने होत नाहीत.

कायदा आपल्या बाजूला अगदीच नाही असे नाही. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला भूजल कायद्याने मनाई आहे. किती गावांत हे पाचशे मीटर कोणी मोजले? टेप ग्रामपंचायतीत असतो.

आता पावसाच्या मापाबद्दल, कारण यात आमचे स्वतःचे हात पोळले आहेत. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरायची, आणि तो मोजायचा महसूल मंडळाच्या ठिकाणी. एका साली आमच्या शिवारात रात्रभर धो धो पडला. सकाळी पाहिले तर कापसाची बोंडे काळी पडायला लागलेली, तासांत गुडघाभर पाणी. मंडळाचे ठिकाण दहा-बारा किलोमीटरवर, तिथे पाऊस पासष्टच्या आत भरला. आम्ही कचेरीत गेलो, तर एकच उत्तर, "आकडा बसत नाही." आमच्याकडे दाखवायला काय होते? चिखलाने भरलेले पाय. दोन महिने खेटे घातले आणि सोडून दिले. त्या साली वेचणीची मजुरी निघाली नाही.

दुसऱ्या साली आम्ही पंचायतीच्या छपरावर साधे पर्जन्यमापक बसवले. रोज सकाळी साडेआठला शाळेतली दोन मुले आणि एक बाई पाऊस मोजून वहीत लिहितात, बाहेर फळ्यावरही लिहितात. महिन्याच्या शेवटी सरपंच सही करतात. सरकार हे माप मान्य करीलच असे नाही, तसे आश्वासन आम्ही तुम्हाला देत नाही. पण तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक पंचनाम्याला येतात (नावे आता बदलली आहेत, चपला त्याच), तेव्हा त्यांच्यापुढे वही आणि ग्रामसभेचा ठराव ठेवता येतो. "आमच्याकडे खूप पडला" म्हणणे वेगळे आणि तारीखवार आकडा ठेवणे वेगळे. २०२५ च्या खरिपात पीकविम्यातून स्थानिक आपत्तीची भरपाई काढून टाकली आणि सगळे पीक कापणी प्रयोगावर आणून ठेवले. तेव्हा प्रयोग कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी होतो हे गावाने उभे राहून पाहायला हवे. तेही त्याच वहीत लिहा.

ती वही आणखी एका कामाला येते. ऑगस्टअखेर किती ओल साठली हे कळले की रब्बीत ज्वारी किती आणि हरभरा किती, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. आपल्या विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो फळ्यावर त्याच आकड्याशेजारी लिहावा. विद्यापीठाने दिलेली परभणी मोती कमी ओलीवर दाणा आणि कडबा दोन्ही देते. पेरणी उताराला आडवी, चार तासांनंतर एक सरी, एवढे केले तरी उघाडीत ओल राहते आणि अतिवृष्टीत पाण्याला वाट मिळते. याला निविदा लागत नाही.

गायरानाचे थोडक्यात सांगतो. सौर कृषी वाहिनीसाठी पंचायतींकडून जागा मागितली जाते. दिवसा वीज मिळणार असेल तर रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याचा जीव वाचेल, म्हणून आम्ही विरोध करीत नाही. पण त्या गायरानावर कोणाच्या शेळ्या चरतात, कोणाचे अतिक्रमण नव्हे तर हक्काची वहिवाट आहे, हे ठरावात लिहिल्याशिवाय सही करू नका. पंचायतीला त्यातून पैसा मिळतो, तो ओघळीवर खर्च होतो की कमानीवर, तेही विचारा.

जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकाने कारभार हाकला. त्या काळात गावाचा आवाज वर जायला शिडी नव्हती, पण ग्रामसभा घ्यायला कोणी अडवले नव्हते. नेमाच्या तारखा आपल्याला पाठ आहेत. येत्या ग्रामसभेत 'गावच्या पाण्याचा ताळेबंद वाचून दाखवावा' एवढा एकच अर्ज, दहा-वीस सह्यांनिशी, आठ दिवस आधी द्या आणि पोच घ्या. ताळेबंद झालाच नसेल तर 'झाला नाही' असे इतिवृत्तात लिहून घ्या. बायका ग्रामसभेला आल्या तर उत्तर लवकर मिळते, हा आमचा अनुभव आहे, कारण टँकरच्या रांगेत त्याच उभ्या असतात.

पर्जन्यमापक कसे बसवायचे, झाडापासून आणि भिंतीपासून किती अंतर ठेवायचे, वहीचे रकाने कसे आखायचे, हे जेवणानंतर पिंपळाखाली दाखवू. ज्या गावांना ते न्यायचे आहे त्यांनी आताच दाराशी नावे द्या. सेलूकडच्या मंडळींनी ओघळीचा नकाशा आणला आहे, त्यांच्याकडे माईक देतो.