वकिलाची पहिली भेट आणि कार्यकर्त्याचे मौन
(तालुका कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



कोकणात किंवा पश्चिम महाराष्ट्रात एखाद्या कुळाच्या हाती दिवाणी न्यायालयाचे समन्स पडते, तेव्हा ते कूळ बहुधा वकिलाच्या आधी पक्षाच्या कार्यकर्त्याचे घर गाठते. कार्यकर्ता त्याला एस.टी.त बसवून तालुक्याला नेतो, ओळखीच्या वकिलासमोर उभा करतो आणि सारी हकीकत स्वतःच सांगून मोकळा होतो. हकीकत कसली, ते भाषणच असते. जमीनदाराचा जुलूम, तलाठ्याची लबाडी, गावचे राजकारण, सारे त्यात येते. कूळ बाकावर हात जोडून बसलेले असते. शेवटी वकीलपत्रावर त्याचा अंगठा उमटतो आणि दोघे बाहेर पडतात. कामाचा बिघाड पुष्कळदा येथेच सुरू होतो. तो दिसतो मात्र दोन-तीन वर्षांनी, उलटतपासणीच्या दिवशी.

पहिला प्रश्न, वकील कोणता? मुंबई-पुण्याच्या मोठ्या नावाचा मोह कार्यकर्त्यालाही सुटत नाही. परंतु कूळकायदा हा सबंध महाराष्ट्रात एक नाही. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राला 1948 चा मुंबई कूळवहिवाट कायदा लागू झाला, मराठवाड्याला हैदराबाद संस्थानाच्या काळापासून आलेला 1950 चा, तर विदर्भाला 1958 चा. गोव्याचा 1964 चा कायदा तर निराळाच. कलमे वेगळी, तारखा वेगळ्या. 1948 च्या कायद्यापुरते बोलायचे, तर 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले, असे कायदा मानतो. पण त्या दिवशी जमिनीची मालकीण विधवा असेल, किंवा मालक अज्ञान असेल, तर कलम 32-फ प्रमाणे तो दिवस पुढे ढकलला जातो आणि खरेदीचा हक्क बजावण्यासाठी कुळाने ठराविक मुदतीत कळवावे लागते. या एका कलमापायी कित्येक कुळांनी कसती जमीन गमावलेली आहे. जाणता वकील पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, “सत्तावन साली सातबाऱ्यावर मालक म्हणून कोण होते?” ज्याला हा प्रश्न सुचत नाही, त्याची कीर्ती कितीही दूरवर पसरलेली असो, या कामाला तो उपयोगी नाही.

दुसरी गोष्ट अशी की, कूळ आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्या कायद्याच्या कलम 85 ने दिवाणी न्यायालयाकडे ठेवलेलाच नाही. जमीनदार मनाई हुकमाचा दावा लावतो तेव्हा कैफियतीत कूळवहिवाटीचा मुद्दा स्पष्ट घेऊन तो मामलतदाराकडे निर्णयासाठी पाठविण्याची मागणी करावी लागते. तहसील कचेरीत ज्याची वर्षे गेली आहेत, प्रांताकडील अपील आणि महसूल न्यायाधिकरणातील फेरतपासणी ज्याने स्वतः चालविली आहे, असा तालुक्याचा वकीलच हे न विसरता करतो.

तो शोधावा कसा? वकिलांना जाहिरात करण्याची बंदी आहे, तेव्हा पाटीवरून काही कळायचे नाही. सुनावणीच्या दिवशी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात अर्धा दिवस बसावे, आलेल्या पक्षकारांना विचारावे. कोण स्वतः उभा राहतो आणि कोण नुसत्या तारखा मागतो, हे तेथे उघड दिसते. वकील आपल्या विचाराचा असलाच पाहिजे, हा हट्ट सोडावा. मोर्चात घोषणा देणारा पण जुना फेरफार वाचता न येणारा वकील कुळाच्या काय कामाचा? एक गोष्ट मात्र बसण्यापूर्वीच विचारली पाहिजे: जमीनदाराचे किंवा त्याच्या भाऊबंदांचे वकीलपत्र त्यांच्याकडे आहे किंवा पूर्वी होते काय? लहान गावात हे फार घडते, आणि हा प्रश्न विचारण्यात अपमान मानणाऱ्या वकिलाकडून उठून येणेच बरे.

आता तयारी. समन्स बजावल्यापासून कैफियत देण्यास कायद्याने 30 दिवस दिले आहेत; न्यायालय कारणे पाहून ते 90 पर्यंत वाढवू शकते. म्हणून समन्स कोणत्या दिवशी हाती आले, हे प्रथम लिहून ठेवावे, टपालाने आले असेल तर पाकीटसुद्धा जपावे. जमिनीचे कागद म्हणजे संगणकावरून काढलेला आजचा सातबारा नव्हे. 1955 ते 1958 या काळातील हस्तलिखित सातबारा, पीकपाहणी, इतर हक्कांतील नोंद, कुळाचे नाव ज्या फेरफाराने लागले किंवा उडाले तो फेरफार, खंडाच्या पावत्या, 32-ग ची चौकशी झाली असल्यास तिचा निकाल, 32-म चे प्रमाणपत्र: यांच्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागवाव्या लागतात आणि त्यास वेळ लागतो. कार्यकर्त्याची खरी मेहनत येथे आहे. सोबत एका कागदावर तारीखवार टिपण असावे. बाप कधीपासून कसत होता, खंड कोणाला, भातात की रोख, पावती कधीपासून बंद झाली, अडथळा कधी आला. त्यात विशेषणे नकोत.

याहून कठीण तयारी कुळाच्या मनाची असते. पुष्कळ कुळांच्या पोटात एक गोष्ट दडलेली असते: कधी काळी कर्जापायी किंवा धाकाने जमीनदाराच्या ओटीवर एखाद्या कागदावर अंगठा दिलेला असतो. ‘जमीन सोडली’ असे त्यावर लिहिले असेल, या भीतीने ते तोंडून निघत नाही, आणि कार्यकर्त्यासमोर तर नाहीच. आंदोलनात पुढे उभ्या राहिलेल्या माणसाला ते सांगण्याची लाज वाटते. वस्तुतः कलम 15 प्रमाणे कुळाचा राजीनामा लेखी हवा आणि मामलतदारासमोर त्याची खातरजमा झालेली हवी. ओटीवरचा अंगठा म्हणजे कायदेशीर राजीनामा नव्हे. ही गोष्ट वकिलाला आधी कळली तर कैफियतीतच तिला उत्तर देता येते. लपून राहिली तर तोच कागद एके दिवशी साक्षीच्या पिंजऱ्यात कुळापुढे धरला जातो, ते गांगरते, आणि मग त्याचे खरे बोलणेही खोटे वाटू लागते. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट गुप्त राखण्याचे बंधन वकिलावर आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात ते होते, 2023 च्या नव्या अधिनियमातही आहे. पण हे संरक्षण वकील आणि पक्षकार यांच्या बोलण्याला आहे. म्हणून ओळख करून द्यावी, कागद ठेवावेत आणि कार्यकर्त्याने बाहेर जाऊन चहा घ्यावा. काहींना हे रुचणार नाही. नेतृत्वाची सवय लागलेल्या माणसाला दाराबाहेर बसणे जड जाते.

फीचे बोलणे संकोच न करता त्याच भेटीत व्हावे. किती, केव्हा, कोर्ट फी आणि नकलांचा खर्च त्यात आहे की वेगळा, हे लिहून घ्यावे, दिलेल्या पैशाची पावती घ्यावी. जिंकल्यावर जमिनीत वाटा, असा करार वकिलाला व्यवसायाच्या नियमांनी वर्ज्य आहे. कोऱ्या कागदावर अंगठा कोणालाच देऊ नये, वकिलालाही नाही. मूळ कागद घरी, नकला वकिलाकडे. फी थकली म्हणून वकिलाला कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितले आहे.

पैसेच नसतील तर? घटनेत 39-अ हे मोफत कायदेसाहाय्याचे कलम 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. आणीबाणीत विरोधी नेते तुरुंगात असताना केलेली ती दुरुस्ती एरवी निषेधार्हच, पण हे कलम टिकले हे बरे झाले. त्यावर आधारलेला 1987 चा कायदा 1995 पासून अंमलात आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कोठडीतील माणसे, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. तेथून मिळालेल्या वकिलाकडेही हीच सारी तयारी करून जावे. फुकटचा म्हणून कमी कागद नेऊ नयेत.

1968 साली बिहारात अटक झाल्यावर मधु लिमये यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि अटकेची कारणे कळविली नाहीत या मुद्द्यावर ते सुटले. त्यांचा कायद्याचा व्यासंग तसा होता. त्यांचे उदाहरण देऊन वकिलाशिवाय लढण्याचा सल्ला काही उत्साही मंडळी देतात. सहा गुंठ्यांच्या कुळाच्या जिवावर असा प्रयोग करू नये.

निघण्यापूर्वी कुळाने स्वतः तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: पुढची तारीख कोणती, त्या दिवशी स्वतः हजर राहावे लागेल काय, आणि तोवर कोणता कागद आणायचा. उत्तरे कार्यकर्त्याने वहीत टिपावी, आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी कुळाच्या घरी जाऊन ती वाचून दाखवावीत.